आई-बाबांना घेऊन योसेमिटीत तंबूत राहायचं असेल तर

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, भारतातून आई-बाबा आले की कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कार्यक्रम बहुतेक घरांत सारखाच ठरतो. शनिवारी पहाटे पाचला निघायचं, चार तास गाडीत बसायचं, व्हॅलीत, म्हणजे उद्यानातल्या मुख्य दरीत, पोचल्यावर तासभर पार्किंग शोधायचं, दोन धबधबे, चार फोटो, डब्यातली पुरी-भाजी, की पुन्हा चार तास गाडीत. ओळखीतल्या प्रत्येकाला मी कळकळीनं सांगते, असं करू नका. साठी-सत्तरीतली माणसं तंबूपेक्षा त्या एका दिवसाच्या धावपळीनं जास्त दमतात. तिथे दोन-तीन रात्री राहा. संध्याकाळी हाफ डोमचा कडा आधी सोनेरी आणि मग गुलाबी होताना दिसेल. दिवसाची गर्दी गेल्यावर हरणं कुरणात उतरतील. सकाळी सहाला मर्सेड नदीच्या काठी तुमच्याशिवाय फारसं कोणी नसेल.

माझे आई-बाबा सांगलीचे. बाबांचे गुडघे दुखतात, आईला बीपीची गोळी आहे, आणि दोघंही तिथे तंबूत शांत झोपतात. त्याचं कारण एवढंच की मी आखणीला रात्रीपासून सुरुवात करते. थंडी किती पडेल, अंथरुणातून आधाराशिवाय उठता येईल का, बाथरूम किती पावलांवर आहे आणि खाण्याचं सामान कुठे राहील, ही उत्तरं आधी मिळवायची. दिवसाची काळजी योसेमिटी स्वतः घेते.

महिना कोणता, उंची किती

आई-बाबांसाठी मेच्या शेवटापासून जूनअखेरपर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. योसेमिटीचे धबधबे वितळणाऱ्या बर्फावर चालतात. योसेमिटी फॉल तिन्ही टप्पे मिळून २,४२५ फूट आहे आणि जूनच्या सुरुवातीला त्याचा आवाज रात्री दूरवर ऐकू येतो. कृष्णेचे पूर पाहिलेल्या माझ्या बाबांनाही त्याच्यासमोरून हलवत नाही. हाच धबधबा ऑगस्टपर्यंत बहुतेक वर्षी कोरडा पडतो. भारतातून आलेल्या माणसांना ऑगस्टमध्ये नेऊन नुसता ओला डाग पडलेला कडा दाखवायचा, हे मला पटत नाही. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ३२ अंशांपर्यंत ऊन तापतं आणि वणव्यांचा धूर येऊ शकतो. २०१८ साली फर्ग्युसन वणव्यामुळे व्हॅली जुलैअखेरपासून जवळजवळ तीन आठवडे बंद होती. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी तर जूनच. सप्टेंबरमध्ये गर्दी ओसरते आणि हवा छान असते, पण पाणी फार थोडं उरतं.

तारीख निवडताना एक काम आवर्जून करा: कालनिर्णय उघडून पौर्णिमा पाहा. एप्रिल ते जून या महिन्यांत, पाणी भरपूर आणि आकाश निरभ्र असेल, तर पौर्णिमेच्या आसपास लोअर योसेमिटी फॉलच्या तुषारांवर चांदण्याचं इंद्रधनुष्य उमटतं. डोळ्यांना ते फिकट पांढुरकं दिसतं, कॅमेऱ्यात रंग येतात. म्हणजे बहुतेक वर्षी वैशाखी पौर्णिमा किंवा वटपौर्णिमा. त्या रात्री फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, पण धबधब्यापर्यंतची वाट डांबरी आणि जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे हात धरून आई-बाबांना नेता येतं.

उंचीचा विचार मात्र गांभीर्यानं करा. योसेमिटी व्हॅली सुमारे ४,००० फुटांवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही थोडी खाली. तिथे श्वासाचा त्रास सहसा होत नाही. टुआलमी मेडोज ८,६०० फुटांवर आहे. आपलं कळसूबाई शिखर ५,४०० फुटांचं, यावरून अंदाज करा. तिथली कुरणं अप्रतिम आहेत, पण जुलैतही रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो, डास खूप असतात आणि विरळ हवेत झोप लागत नाही. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना मुक्कामाला तिथे नेऊ नये, दिवसा गाडीनं फिरवून आणावं. तेही टायोगा रस्ता उघडला असेल तर. तो बर्फावर अवलंबून असतो. २०२३ मध्ये इतका बर्फ पडला होता की रस्ता २२ जुलैला उघडला.

जागा मिळवणं

व्हॅलीत तंबूसाठी अपर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स ही मुख्य कँपग्राउंड आहेत. तिन्हींत पिण्याचं पाणी आणि फ्लशचे संडास आहेत, आणि आई-बाबांसाठी हे दोन मुद्दे निर्णायक आहेत. जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर मिळतात. दर महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता, आपल्या पॅसिफिक वेळेनुसार, पुढच्या एका महिन्याचा गठ्ठा खुला होतो आणि तो चार-पाच महिने आधीचा असतो. तुमची तारीख कोणत्या १५ ला खुलते त्याचा तक्ता पार्कच्या संकेतस्थळावर आहे. त्यामुळे आई-बाबांचं विमानाचं तिकीट काढतानाच योसेमिटीची तारीख ठरलेली हवी. आल्यावर लगेचचे पंधरा दिवस सोडा, झोपेचं घड्याळ जागेवर येऊ द्या.

उन्हाळ्याच्या जागा काही मिनिटांत संपतात. आदल्या रात्री लॉगिन, पासवर्ड आणि कार्ड तपासून ठेवा. नकाशा पाहून आवडीच्या दहा-बारा जागांचे क्रमांक कागदावर लिहा. घरात दोघं असाल तर दोन वेगवेगळ्या खात्यांवरून बसा. शुक्रवार-शनिवारच्या मागे लागू नका. आई-बाबांना कुठे ऑफिस आहे? तुम्ही दोन दिवस रजा टाका आणि रविवार ते बुधवार जा. जागा सापडायची शक्यताही वाढते आणि दरीही शांत मिळते. व्हॅलीत एका रात्रीचे साधारण ३६ डॉलर पडतात. एका जागेवर लहान मुलं धरून सहाच माणसं आणि दोन गाड्या चालतात. आई-बाबा, तुम्ही दोघं आणि दोन मुलं, झाले सहा. दिराचं किंवा बहिणीचं कुटुंब येणार असेल तर दुसरी जागा घ्यावीच लागते.

क्रमांक निवडताना नकाशावर आधी बाथरूम शोधा. अगदी लगतची जागा नको, रात्रभर दाराचा आवाज आणि दिव्याचा उजेड येतो. तीन-चार जागा सोडून असलेली उत्तम. नदीकाठच्या जागा दिसायला सुंदर असतात, पण घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर मी त्या घेत नाही. जूनमध्ये मर्सेड बर्फासारखी गार आणि जोरात वाहत असते.

पहिल्या दिवशी जागा मिळाली नाही तरी आशा सोडायची नाही. लोक बेत बदलतात, जागा परत येतात. जायच्या आधीचे तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ पाहत राहा आणि त्याच संकेतस्थळावर सूचना लावून ठेवा. नाहीच जमलं तर उत्तरेच्या दाराजवळचं हॉजडन मेडो किंवा दक्षिणेचं वावोना पाहा. दोन्हीकडून व्हॅली गाडीनं पाऊण-एक तासावर आहे. ज्यांना जमिनीजवळ झोपणं अजिबात शक्य नाही त्यांच्यासाठी व्हॅलीतच हाउसकीपिंग कँप आहे: तीन बाजूंना सिमेंटच्या भिंती, वर कॅनव्हासचं छत, पुढे पडदा, आत पलंग. तिथे शेगडीवर स्वयंपाकही करता येतो. करी व्हिलेजमधल्या कॅनव्हासच्या तंबूंत खाटा मिळतात, पण तिथे स्वतः शिजवायला परवानगी नाही, आणि आई सोबत असताना मला ते अडचणीचं वाटतं.

एक सराव-रात्र करून पाहा, हा माझा आग्रह आहे. लिव्हरमोरजवळचं डेल व्हॅये किंवा गिलरॉयकडचं माउंट मॅडोना ही घराजवळची ठिकाणं आहेत. काही बिनसलं तर तासाभरात घरी येता येतं. कोणाला कुठे थंडी वाजते, कोणाला किती वेळा उठावं लागतं, सगळं त्या रात्री कळतं.

अंथरूण

तंबू असा घ्या की आत उभं राहता येईल. वाकून आत जाणं आणि बसून कपडे बदलणं, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा खरा त्रास तिथे असतो. चौघांसाठी आठ जणांचा तंबू मोठा वाटतो, पण आत दोन घडीच्या खाटा टाकल्या की बरोबर होतो. खाटेची उंची सोळा-अठरा इंच असली की पाय खाली सोडून सहज उठता येतं. विकत घ्यायची घाई करू नका. आरईआय आणि स्पोर्ट्स बेसमेंट या दुकानांच्या काही शाखांत सामान भाड्यानं मिळतं.

जूनमध्ये व्हॅलीत रात्री साधारण दहा अंश असतात, मेमध्ये सहापर्यंत उतरतात. आकडा फार भीतिदायक नाही, पण थंडी खालून येते हे लक्षात ठेवा. खाटेखालून हवा खेळते, हवेच्या गादीतली हवा रात्री गार पडते, आणि वर कितीही पांघरलं तरी पाठ गारठते. म्हणून खाटेवर आधी फोमची चटई, तिच्यावर गोधडी आणि मग स्लीपिंग बॅग. बॅग पायाकडे निमुळती होणारी घेऊ नका. आई-बाबांना त्यात बांधून घातल्यासारखं वाटतं आणि रात्री उठताना चेन सापडत नाही. चौकोनी, पूर्ण उघडणारी, २० अंश फॅरनहाइट लिहिलेली बॅग दुलईसारखी पांघरता येते. झोपायच्या आधी रबरी गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवा. कानटोपी भारतातूनच मागवा, आपली लोकरीची कानटोपी मानेपर्यंत येते आणि झोपेत निघत नाही. दिवसभर घातलेले मोजे घामानं ओलसर असतात, ते बदलून कोरडे घाला.

तंबूत गॅसचा हीटर किंवा निखाऱ्यांची शेगडी कधीही नेऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते कळत नाही.

दोघांनाही डोक्याला लावायचा वेगवेगळा टॉर्च द्या आणि तो घरीच चालू-बंद करायला शिकवा. हातात धरायच्या टॉर्चनं एक हात अडकतो, आणि रात्री त्यांना दोन्ही हात मोकळे हवेत. बूट नाडीचे नकोत, पाय सरकवून घालता येतील असे. संडास पाश्चात्त्य पद्धतीचे आहेत, म्हणून प्लास्टिकचा एक मग कायम बरोबर. बेसिनला पाणी गारच असतं. गरम पाण्याची आंघोळ करी व्हिलेजच्या शॉवरमध्ये होते. आणि आई-बाबांच्या खिशात एक कागद ठेवा: कँपग्राउंडचं नाव, जागेचा क्रमांक, तुमच्या गाडीचा रंग आणि नंबर. तिथे फोनला रेंज नीट नसते आणि सगळे तंबू अंधारात एकसारखे दिसतात.

अस्वल, आणि आईची पर्स

योसेमिटीत काळी अस्वलं आहेत, सुमारे ३०० ते ५००. काळी म्हणतात, पण बरीचशी तपकिरी असतात. आई-बाबांना सुरुवातीलाच सांगा की इथे अस्वलानं माणूस मारल्याची एकही नोंद नाही. त्यांना माणूस नको असतो, त्याचं खाणं हवं असतं. १९९८ या एका वर्षात खाण्यासाठी गाड्या फोडणं आणि तसले दीड हजारांहून जास्त प्रसंग नोंदले गेले. त्यानंतर नियम कडक झाले आणि प्रकार खूप कमी झाले. आयत्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल धीट होतं, माणसांच्या वस्तीत येतं, आणि शेवटी कधीकधी त्याला ठार मारावं लागतं. आपल्या डब्यासाठी त्या जिवानं मरावं, हे मला सहन होत नाही. म्हणून या बाबतीत मी घरच्यांना जराही सूट देत नाही.

प्रत्येक जागेवर लोखंडी लॉकर असतो, साधारण ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच. घरून निघायच्या आधी तुमचा कूलर मोजा. मोठे कूलर त्या १८ इंचांत जात नाहीत आणि रिकामा कूलरही बाहेर ठेवता येत नाही. त्यापेक्षा दोन छोटे न्या. शिजवत किंवा जेवत नसाल तेव्हा, दिवस असो की रात्र, सगळं लॉकरमध्ये आणि कडी लावलेली. तंबूत खाणं कधीच नाही. गाडी पार्कमध्ये इतरत्र उभी असेल तर दिवसाउजेडी काचा बंद करून, दिसणार नाही असं आत ठेवता येतं. अंधार पडल्यावर मात्र गाडीत दाणाही नको.

‘खाणं’ या शब्दात अस्वलाच्या लेखी जे काही वास देतं ते सगळं येतं. इथे आपल्या घरांत खरी गडबड होते, कारण आपल्या वस्तूंना वास फार. संध्याकाळी तंबूबाहेर एक रिकामी पिशवी घेऊन बसा आणि आई-बाबांसोबत सामान तपासा. आईच्या पर्समधली बडीशेप, खडीसाखर, लवंगा. बाबांच्या शर्टाच्या खिशातली खोकल्याची गोळी. अमृतांजन, खोबरेल तेल, पावडर, क्रीम, दाढीचा साबण, टूथपेस्ट, उदबत्तीचा पुडा, डासांचं मलम, ओले रुमाल, नातवाच्या गाडीतल्या खुर्चीवर सांडलेला भडंग. रात्रीच्या गोळ्या झोपायच्या आधी देऊन उरलेला डबा लॉकरमध्ये ठेवा. तातडीला लागणारं बिनवासाचं औषध तेवढं उशाशी. घरून निघायच्या आधी गाडी आतून व्हॅक्यूम करून घ्या, सीटच्या फटींसकट.

अस्वल कँपमध्ये दिसलंच तर सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं, त्याला निघायला वाट ठेवायची आणि स्टीलच्या ताटावर पळी बडवत मोठ्यानं ओरडायचं. ते पळतं. मग रेंजरना कळवायचं. वाटेत जंगलात दिसलं तर ओरडायचं नाही, किमान ५० यार्ड लांब राहून पाहायचं. आणि रस्त्यावर जिथे अस्वलाच्या चित्राची लाल पाटी दिसेल, तिथे गाडीच्या धडकेनं अस्वल जखमी झालं किंवा मेलं आहे. त्या पाट्यांसाठी तरी वेग पाळा.

अस्वलापेक्षा खारींबाबत आईला समजावणं मला अवघड जातं. ताटातला घास मुक्या जिवाला काढून ठेवायची तिची आयुष्यभराची सवय. पण तिथे खारींना आणि निळ्या जे पक्ष्यांना काहीही घालायला बंदी आहे. खारी चावतात, आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये खारींत प्लेग सापडला म्हणून टुआलमीचं कँपग्राउंड काही दिवस बंद ठेवलं होतं. आपण घास दिला की हिवाळ्यासाठी स्वतः साठवायचं खार विसरते, असं सांगितलं तेव्हा आईला ते पटलं.

स्वयंपाक

दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी आणि तीन लिटरचा कुकर, एवढ्यात सगळं होतं. कुकर नेणं अनेकांना उगाच वाटतं. पण व्हॅलीत पाणी साधारण ९६ अंशांना उकळतं आणि टुआलमीत ९१ ला, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. मूगडाळ किंवा मसूर न्या. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, तेव्हा सहाच्या आत कुकरची शिट्टी नको.

पहिल्या रात्री काहीही शिजवायचं नाही. पोचून तंबू उभारेपर्यंत सगळे दमलेले असतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि काकडी घरूनच न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे, त्यासाठी फोडणी घरी करून बाटलीत भरलेली. यानं वेळ वाचतोच, शिवाय कँपभर हिंग-मोहरीचा वास दरवळत नाही. रात्री मूगडाळीची खिचडी, मेतकूट, तूप, पापड. तिसऱ्या दिवशी भाजणीची थालीपिठं. भाजणी हलकी, टिकाऊ आणि पोटभरीची, आणि थालीपीठ थापणं हे आईला त्या लाकडी टेबलावर बसून करता येणारं काम आहे. आई-बाबांना नुसतं खुर्चीत बसवून ठेवू नका. काही तरी त्यांच्या हाती सोपवा, ते खुलतात.

खरकटं आधी कागदी टॉवेलनं पुसून कचऱ्यात टाका आणि मगच भांडी धुवा. बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासायची नाहीत. कचऱ्याची पिशवी रात्री बाहेर राहता कामा नये, अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेट्या जवळच असतात.

व्हॅलीत १ मे ते ३० सप्टेंबर या काळात लाकडाची किंवा कोळशाची आग फक्त संध्याकाळी ५ ते रात्री १० पेटवता येते. व्हॅलीत पडलेलं लाकूड गोळा करायचं नाही, आणि घरामागचंही न्यायचं नाही, त्यातून झाडांची कीड पसरते. तिथेच मोळी विकत घ्या. निखाऱ्यांवर मक्याची कणसं भाजा, लिंबू-तिखट-मीठ लावा. गाण्याच्या भेंड्या रंगतील, पण १० ला थांबवा.

दिवसाचं थोडक्यात

गाडी कँपमध्येच राहू द्या, व्हॅलीतली बस फुकट आहे. सकाळी नऊच्या आत लोअर योसेमिटी फॉल, साधारण मैलभराचा सपाट फेरा. दुपारी झाडाखाली झोप. संध्याकाळी कुक्स मेडोच्या फळ्यांच्या वाटेवरून हाफ डोम. मिरर लेकपर्यंत डांबरी वाट आहे, जाऊन-येऊन दोन मैल, आणि जूनपर्यंत त्यात पाणी असतं. ग्लेशियर पॉइंट ७,२१४ फुटांवर आहे, पण तिथे गाडी जाते. रस्ता उघडला असेल तर एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवा, अख्खी दरी एका नजरेत येते. गुडघे ठीक असतील तर मिस्ट ट्रेलवर वर्नल फॉल दिसणाऱ्या पुलापर्यंत, त्यापुढे नाही. ती पाऊण-एक मैलाची वाट डांबरी असली तरी ४०० फूट चढते.

पाण्याबद्दल फार काळजी घ्या. अस्वलाची भीती सगळ्यांना वाटते, जीव मात्र पाण्यात जातात. २०११ च्या जुलैमध्ये वर्नल फॉलच्या माथ्यावर कठडा ओलांडून पाण्यात उतरलेले तिघं वाहून गेले. ओला गुळगुळीत ग्रॅनाइट तेल सांडलेल्या फरशीसारखा असतो. जूनमध्ये पाय धुवायलाही प्रवाहात उतरू नका, काठावर बसून तांब्यानं पाणी घ्या.

बाबांना कुठेही गेलं की इतिहास लागतो. त्यांना सांगायला एवढं पुरे: ही दरी आवानीची लोकांची. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन ही हत्यारबंद तुकडी आत शिरली आणि त्यांना इथून हुसकावलं. ३० जून १८६४ ला लिंकननी ही दरी आणि मारिपोसाची प्रचंड झाडं जपण्यासाठी कॅलिफोर्नियाकडे सोपवली, आणि १ ऑक्टोबर १८९० ला राष्ट्रीय उद्यान झालं. व्हॅलीतल्या संग्रहालयात आणि त्यामागच्या वस्तीत मूळ रहिवाशांच्या टोपल्या आणि झोपड्या पाहायला मिळतात. तिथे माझ्या बाबांचा अर्धा दिवस जातो.

जाणं, येणं

१२० नंबरचा रस्ता जवळचा, पण त्यात प्रीस्ट ग्रेडचा चढ आणि वळणं आहेत. गाडी लागणारं कोणी असेल तर मर्सेड आणि मारिपोसा या गावांवरून १४० नं जा, नदीकाठानं हळूहळू चढतो. व्हॅलीत पेट्रोल मिळत नाही, मारिपोसात किंवा एल पोर्टलला टाकी भरा. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. गाडीचा प्रवेश सात दिवसांसाठी ३५ डॉलर आहे. मात्र २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी वेगळी, बरीच जास्त फी लागू झाली आहे. आई-बाबा त्यात कसे बसतात ते निघायच्या आठवड्यात पार्कच्या संकेतस्थळावर वाचा आणि त्यांचे पासपोर्ट, तुमचं ओळखपत्र जवळ ठेवा. ज्याच्या नावानं जागा घेतली आहे ती व्यक्ती स्वतः हजर लागते. धुराचे दिवस असतील तर त्याच आठवड्यात हवेचा निर्देशांकही पाहा, आणि तो वाईट असेल तर जागा रद्द करून मोकळे व्हा.

पोचायचं दुपारीच. जागा दुपारी १२ ला ताब्यात मिळते, आणि अंधारात तंबू ठोकताना आई-बाबा कुडकुडत उभे राहतात. निघायच्या दिवशीही १२ च्या आत जागा सोडायची असते, म्हणून सकाळी फक्त चहा-बिस्किटं आणि आवराआवर. राखेवर पाणी ओतून हातानं गार लागते का पाहा. लॉकरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत हात घाला, अमृतांजनाची बाटली बहुधा तिथेच राहिलेली असते. जेवायला मारिपोसात थांबा, तासाभराचा रस्ता आहे, आणि दुपारच्या गोळ्या जेवणानंतरच्या असतील तर त्याही तिथेच होतील.